लाल चारशे सतरा

वसुधा टिल्लू चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्यांदा गेली ती एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी. अंधेरीतल्या ज्या लहानशा कंपनीत ती नोकरीला होती, ती कंपनी कॉम्प्युटर विकायची. विकलेल्या कॉम्प्युटरमधली माहिती सुरक्षित आहे का, नसेल तर धोका कुठून आहे, हेही ती कंपनी तपासून द्यायची. हे तपासणीचं काम वसुधाकडे होतं. एक जाड वही, एक फूटपट्टी आणि जेवणाचा डबा घेऊन ती आठवडाभर एकेका ठिकाणी जाऊन बसायची.

या खेपेचं ठिकाण म्हणजे सुखटणकर इंक्स. छपाईची शाई बनवणारा दीडशे माणसांचा कारखाना. मालक मार्तंड सुखटणकर पन्नाशीचे, हुशार आणि उतावळे. वसुधा खुर्चीत नीट बसलीही नव्हती, तोच त्यांनी टेबलावर उदबत्तीच्या पुड्याची दोन वेष्टनं तिच्यापुढे सरकवली. दोन्ही लालभडक.

"यातली आमची शाई कुठली, सांगा."

वसुधाने दोन्ही खिडकीकडे धरून पाहिली. "मला तरी सारखीच दिसतात."

"सगळ्यांनाच सारखी दिसतात. इथेच तर वाट लागलीय. हा आमचा लाल चारशे सतरा. बोरिवलीचा उदबत्तीवाला चार वर्षं आमच्याकडून घेतोय. आता म्हणतो, भांडुपची एक कंपनी मला हाच लाल देतेय. हाच! या शेडचं प्रमाण, कुठला रंग किती घालायचा ते, कॉम्प्युटरमध्ये आहे. बाहेर गेलं कसं?"

"कुणावर संशय आहे?"

मार्तंडरावांनी आवाज खाली आणला. "कॉम्प्युटरवर मालन तांबे बसते. तिचा दीर सहा महिन्यांपूर्वी त्याच भांडुपवाल्यांकडे गोडाऊनला लागला. आता तुम्हीच काय ते समजा. पुरावा तेवढा शोधून द्या."

"साहेब, मी माणूस शोधत नाही," वसुधा म्हणाली. "माहिती कुठून कुठून बाहेर जाऊ शकते, त्या वाटा शोधते."

"तेच म्हणतोय मी. वाटेवर कुणीतरी उभं असेलच ना?"

वसुधाने वही उचलली. चौदा वर्षांपूर्वी फोर्टमधल्या एका ऑफिसात ती पंच ऑपरेटर होती, कॉम्प्युटरच्या कार्डांवर भोकं पाडून माहिती भरायची. तिथे कार्डांचा एक गठ्ठा हरवला, चौकशी निघाली आणि सबंध दिवस तिला एका खोलीत बसवून तेच ते प्रश्न विचारले गेले. कार्डं पुढे कपाटामागे सापडली. पण तिचं नाव त्या फायलीत राहिलं ते राहिलंच. त्या ऑफिसात तिच्याशी पुन्हा कुणी मोकळेपणानं बोललं नाही. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे, पण 'पुरावा शोधा' हे शब्द ऐकले की तिला ती खोली आठवे.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे कारखान्याचं देवघर होतं. बाहेर चपला काढायच्या, दार लोटून घ्यायचं, आत एसीची घरघर. मालन तिशीची, सडपातळ, केस घट्ट बांधलेली. तिने वसुधाला खुर्ची दिली, पण हसली नाही.

"विचारा काय ते," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे तुम्ही मला तपासायला आलात. कॉम्प्युटर नुसतं निमित्त."

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? आठवड्यापासून पॅकिंगच्या बायका माझ्या येण्याआधीच डबा उरकतात. कळतं ना माणसाला."

वसुधाने वही उघडली आणि मालनबद्दल एक अक्षर न विचारता काम सुरू केलं. शेडचा प्रोग्रॅम उघडायला पासवर्ड लागायचा. तो मार्तंडरावांच्या मुलीचं नाव होता आणि तो स्टोअरच्या माणसापासून टेलिफोन ऑपरेटरपर्यंत सगळ्यांना पाठ होता. साहेबच पॅसेजमधून ओरडून सांगायचे. प्रती काढून ठेवलेल्या फ्लॉप्या लोखंडी कपाटात होत्या आणि कपाटाची चावी शेजारच्या खिळ्याला लटकत होती. कपाटाच्या बरोबर वर एसीचं पाणी ठिबकायचं. कपाटाच्या डोक्यावर मालनने स्वतःच्या पदरची प्लास्टिकची बादली ठेवली होती.

"ही बादली भरली आणि त्या दिवशी तुम्ही रजेवर असलात तर?"

"तर फ्लॉप्या भिजतील. दोनदा लिहून दिलंय मी साहेबांना." मालनने खण उघडून अर्जांच्या कार्बन कॉप्या काढून दाखवल्या. दोन्हींवर तारखा होत्या, उत्तर एकावरही नव्हतं.

तीन दिवस असेच गेले. चोरी करायची असेल तर मालनची गरजच नाही, हे वसुधाला पहिल्याच संध्याकाळी कळून चुकलं होतं. कुणीही येऊन कॉम्प्युटर सुरू करावा, पासवर्ड टाकावा आणि हवं ते छापून न्यावं, अशी सगळी मोकळीक होती. पण गुरुवारी तिला आणखी एक गोष्ट खटकली.

प्रिंटरला लागणारा सलग कागद हजार पानांच्या खोक्यांतून यायचा. स्टोअरच्या रजिस्टरप्रमाणे वर्षभरात पाच खोकी संपली होती. फायलींना लावलेले कागद मात्र मोजून दोन खोक्यांएवढे भरले.

"मालन, उरलेले कागद कुठे आहेत?"

"रोज सकाळी नवी यादी छापायची, जुनी टाकायची. साहेबांना एक चूक दिसली की सगळी यादी परत. ती सगळी रद्दी."

"रद्दी कोण नेतं?"

"काशीरामकाका. शेड मॅचर. दर शनिवारी नेतात." मालन पहिल्यांदाच जरा सैल झाली. "काकांचं काही नाही हं बाई. देवमाणूस आहे. हे सगळे शेड त्यांनीच मला सांगून भरून घेतले. तीन महिने माझ्याशेजारी स्टुलावर बसायचे, डोळे मिटून एकेक प्रमाण सांगायचे. वहीत बघायलासुद्धा लागायचं नाही."

काशीराम राऊळ मिलच्या रंगखात्यात वाढलेला माणूस. मूळचा कणकवलीकडचा. संपानंतर मिल सुरू झालीच नाही, तेव्हा त्र्याऐंशी साली तो इथे आला. गिऱ्हाईक रंगाचा चिठोरा आणून द्यायचं आणि काशीराम नुसत्या नजरेनं तो रंग जुळवायचा. कॉम्प्युटर आल्यापासून त्याला बोलावणं कमी झालं होतं. छापील कागद बघून कुणीही वजनं करायचं. काशीराम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरी घेऊन बसायचा, तिने तयार शाईचा कागदावर पट्टा ओढायचा, बरा आहे की नाही एवढं सांगायचा.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस होता. काशीराम खांद्यावर कागदांचा गठ्ठा घेऊन फाटकापाशी आला, वॉचमनला पास दिला आणि बाहेर पडला. वसुधा त्याच्या मागोमाग निघाली आणि चार पावलांत तिने त्याला गाठलं.

"काका, हे कागद कुठे नेता?"

"घरी." काशीरामला हा प्रश्न आवडलाच. "येतास काय बगूक? हय, सेक्टर चारात. धा मिनटां चालूचा लागतला."

म्हाडाची बैठी घरं, निम्मी अजून उघड्या विटांचीच होती. काशीरामच्या घरापुढच्या पत्र्याखाली पंचवीस-तीस मुलं मांडी घालून बसली होती आणि त्याची मुलगी प्रेमा त्यांना पाढे म्हणायला लावत होती. जवळपास शाळा नव्हती. नव्या वस्तीतल्या मुलांचं वर्ष फुकट जाऊ नये म्हणून प्रेमाने हा वर्ग काढला होता.

काशीरामने गठ्ठा खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या फळीवरून एक वही काढून वसुधाच्या हातात दिली. कागद मधोमध दुमडून, दाभणाने शिवून, खळ लावून बांधलेली वही. पुठ्ठ्यावर शाईचे रंगीत पट्टे.

"कोऱ्या बाजूवर लिवतत पोरां. एवढो चांगलो कागद, टाकूचो कित्याक? ह्या वरसात ह्या अडतीस वह्ये झाले."

वसुधाने वही उघडली. एका बाजूला पेन्सिलीने लिहिलेला सातचा पाढा, खाली प्रेमाचं लाल 'शाब्बास'. पान उलटलं. लाल चारशे सतरा. कुठला रंग किती टक्के, वार्निश कुठलं, घोटायचं किती वेळ, सगळं स्वच्छ छापलेलं. पुढच्या पानावर हिरवा, त्यापुढे निळा. सुखटणकर इंक्सचं सगळं दुकान त्या वहीत होतं, आणि अशा अडतीस वह्या होत्या.

प्रेमाने चहा आणला. वसुधाने तो पिऊन संपवला. मग मुलं सुटल्यावर तिने मार्तंडरावांकडची वेष्टनं, भांडुप, मालनवरचा संशय, सगळं सांगितलं.

काशीरामला आधी उमजलंच नाही. "पण तो टाकलेलो कागद मा?"

"टाकलेलाच. पण त्यावर काय छापलंय ते बघा ना काका."

काशीरामने वही हातात घेतली. छापील बाजूकडे त्याने आजवर पाहिलं नव्हतं, कारण त्याला ती पाहायची गरजच नव्हती. ते आकडे त्याच्याच डोक्यातून तिथे गेले होते. तो पायरीवर बसला.

"म्हणजे माझ्यापायी त्या पोरीवर आळ इलो," तो म्हणाला.

"तसं ठरलेलं नाही. इथून गेलं की आणखी कुठून, कळायला मार्ग नाही."

"बाबा, तुम्ही विचारून आणत होता ना?" प्रेमा घाबरून म्हणाली.

काशीराम आत गेला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात गेटपासच्या पावत्या होत्या, एकेक आठवड्याची, तारीखवार लावलेली. 'रद्दी, एक गठ्ठा, काशीराम राऊळ.' प्रत्येकीवर मार्तंड सुखटणकरांची सही. न वाचता ठोकलेली, पण सहीच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वसुधाने घरी नवऱ्याला निरोप ठेवला आणि ती पुन्हा चारकोपला गेली. जाताना तिने मुलुंडच्या आपल्या घराजवळच्या दुकानातून चार डझन वह्या आणल्या होत्या. प्रेमा, ती आणि काशीराम घरोघर फिरले. जुनी वही द्या, नवी घ्या. काही मुलांनी लगेच दिल्या. माणिक नावाची एक सहा वर्षांची मुलगी वही छातीशी धरून कोपऱ्यात जाऊन बसली. तिला नवी नको होती, नवीत शाब्बास नव्हतं. शेवटी प्रेमाने जमिनीवर बसून तिच्या नव्या वहीत ओळीने सात शाब्बास लिहिली, तेव्हा कुठे सौदा जुळला.

दुपारपर्यंत एकतीस वह्या परत आल्या. सात आल्या नाहीत. दोन घरांतल्या चुलीत गेल्या होत्या, एकीची पानं भेळवाल्याकडे, एक कुटुंब विरारला राहायला गेलं होतं. तिघांना काहीच आठवत नव्हतं.

वसुधाच्या मनात रात्रभर एकच गोष्ट घोळत राहिली. अहवालात खरं लिहायला हवं होतं, पण नाव लिहायचं की नाही? 'छापील कागद रद्दीतून बाहेर जातात' एवढं वाक्य पुरेसं होतं. पण मार्तंडराव पुढचा प्रश्न विचारणारच, आणि नाव सांगितलं नाही तर मालनच्या गळ्यातलं लोढणं तसंच राहणार.

सोमवारी ती केबिनमध्ये शिरली तेव्हा मालनला आधीच बोलावून उभं केलेलं होतं. वसुधाने अहवालाचं पहिलं पान उघडलं, एवढ्यात दार ढकलून काशीराम आत आला. हातात एकतीस वह्यांचं गाठोडं आणि तो पत्र्याचा डबा.

"साहेब, बाईंक कायव विचारू नका. कागद मी न्हेलय." आणि त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. वर्ग, वह्या, चुली, भेळवाला. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. मग वसुधाकडे वळून म्हणाला, "नाव लिवा बाई. मालनचा खोडा आणि माझा लिवा."

मार्तंडराव लालबुंद झाले. "काशीराम, तुम्ही? अहो, एवढा विश्वास टाकला मी!"

वसुधाने डबा उघडून त्यांच्यापुढे केला. मार्तंडरावांनी एक पावती उचलली, दुसरी उचलली. आपलीच सही पाहून ते खुर्चीत मागे टेकले.

"शनिवारी शंभर कागद येतात सहीला," ते पुटपुटले.

"हेच माझ्या अहवालाचं पहिलं कलम आहे, साहेब," वसुधा म्हणाली. "दुसरं पासवर्डचं. तिसरं एसीच्या पाण्याचं. त्याबद्दल मालनने तुम्हाला दोनदा लिहून दिलंय. या सगळ्या वाटांपैकी एकीवरही ती उभी नाही. उलट जिथे पाणी गळत होतं तिथे तिनेच बादली ठेवलीय."

मार्तंडरावांनी टेबलावरची दोन वेष्टनं उचलून दाखवली. "ते सगळं ठीक. पण हे? हे झालंच ना? आमचा लाल गेला तो गेलाच."

काशीरामने मान पुढे काढली. "ता काय?"

"भांडुपवाल्यांचा लाल. आपल्यासारखाच. हुबेहूब."

"माका खंय दाखवलास?"

गोष्ट कारखान्यात पसरू नये म्हणून मार्तंडरावांनी ती वेष्टनं कुणाला दाखवलीच नव्हती. त्यांनी पाहिली, उदबत्तीवाल्याने पाहिली, वसुधाने पाहिली. तीस वर्षं रंग जुळवणारा माणूस पन्नास फुटांवर बसला होता आणि त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

काशीरामने दोन्ही वेष्टनं घेऊन खिडकीपाशी धरली. तिरकी केली, सरळ केली. "हय सारखीच दिसतत," तो म्हणाला. "चला माझ्यावांगडा."

पॅसेजच्या टोकाला स्टोअरची काळोखी खोली होती आणि तिथे एक पिवळा बल्ब लोंबकळत होता. काशीरामने तो लावला आणि वेष्टनं त्याखाली शेजारीशेजारी धरली. वसुधाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. एक लाल तसाच गडद राहिला होता. दुसरा भट्टीतल्या विटेसारखा तांबूस झाला होता.

"बगा," काशीराम म्हणाला. आता त्याच्या आवाजात मघाचा अपराधीपणा नव्हता, रंगखात्यातल्या माणसाचा ठामपणा होता. "प्रमाण एकच असता तर खंयच्याय उजेडात दोनव सारखेच दिसले असते. तांबूस झालो तो भांडुपवाल्यांचो. हेंनी दुसरो, स्वस्तातलो लाल घातलो हा आणि वर पिवळ्याचो हात. कोणीतरी नजरेन जुळवलो हा. बरो जुळवलो हा, पण आपलो न्हय. हेंका आपलो कागद गावलोच नाय."

मार्तंडरावांनी वेष्टनं स्वतः घेऊन पुन्हापुन्हा बल्बखाली धरली, खिडकीशी नेली, परत आणली. मालन भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता, आणि ती रडते आहे की हसते आहे ते कळत नव्हतं.

"भांडुपवाल्यांनी तुम्हाला कधी बोलावलं होतं?" मार्तंडरावांनी एकदम विचारलं.

"दोनदा."

"मग?"

"मग काय? नाय गेलंय."

मार्तंडरावांनी वेष्टनं खिशात घातली. मग मालनकडे वळून म्हणाले, "मालन, तुझं काही नव्हतं. जा, काम कर."

मालन हलली नाही. "साहेब, तुमचा संशय सगळ्या कारखान्याला कळला. हेही सगळ्यांसमोर सांगा."

वसुधाला वाटलं, आता हे चिडणार. मार्तंडरावांनी घड्याळाकडे पाहिलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि जेवणाच्या सुट्टीत खरंच पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊन ते सांगितलं. नीट सांगता आलं नाही त्यांना. दोन वाक्यं बोलले, तिसरं अर्धवट राहिलं. पण मालनचं नाव घेऊन बोलले.

अहवालातल्या अकरा सूचनांपैकी त्यांनी सहा लगेच अमलात आणल्या. फ्लॉप्यांचा एक संच रोज दुसऱ्या इमारतीत जाऊ लागला. एसी दुरुस्त झाला. जुन्या याद्या फाडून रंगाच्या टाकाऊ पाण्यात भिजवून मगच बाहेर जाऊ लागल्या. पासवर्ड बदलला आणि या वेळी तो पॅसेजमध्ये कुणाला ऐकू आला नाही. प्रेमाच्या वर्गाला पॅकिंगच्या कोऱ्या कागदाचे तुकडे मिळायला लागले. त्याचा पासही निघायचा, आणि आता मार्तंडराव तो वाचून सही करायचे. काशीरामला त्यांनी मागच्या शेडमधून उठवून आपल्या केबिनशेजारी टेबल दिलं. त्यावर एक बल्ब आणि एक ट्यूबलाइट बसवून घेतली.

सात वह्यांचा पत्ता कधीच लागला नाही. वसुधाने अहवालात तसं स्पष्ट लिहिलं. या वेळी चोरी झाली नव्हती एवढंच खरं, होऊ शकली असती हेही तितकंच खरं. त्या कलमाखाली काशीरामचं नाव त्याच्या सांगण्यावरून लिहिलं, आणि त्याच ओळीत सही करणाऱ्याचंही.

फेब्रुवारीत ती पुन्हा पाहणीला गेली तेव्हा मालनच्या खुर्चीत दुसरीच मुलगी होती. मालनने कांदिवलीच्या एका औषध कंपनीत नोकरी धरली होती. वसुधा परतताना मुद्दाम तिथे उतरली. मालन फाटकापर्यंत बाहेर आली.

"काही झालं होतं का पुन्हा?" वसुधाने विचारलं.

"काही नाही हो. साहेब चांगलेच वागत होते. बायका डबाही माझ्यासाठी थांबवायच्या. मुद्दाम थांबवायच्या, तेच मला जाईना घशाखाली."

मग, आजवर नवऱ्याखेरीज कुणाला न सांगितलेली ती फोर्टमधल्या हरवलेल्या गठ्ठ्याची गोष्ट वसुधाने मालनला सांगितली. फाटकाशी उभ्या उभ्याच, सगळी.

मालनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "चला, कॅन्टीन उघडं आहे. चहा घेऊ. माझी सुट्टी अजून वीस मिनिटं आहे."